शून्य तपासायला गेलो: वडीगोद्री, तीर्थपुरी आणि तीन दिवस

आमच्या घरी कुठल्याही प्रवासाची चर्चा महिनाभर आधी सुरू होते. हा प्रवास मात्र मी पाच मिनिटांत ठरवला, आणि तोही एका शून्यामुळे.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे त्या शून्याचं काय ते कळेल. मी पुण्यात अर्थशास्त्र शिकवतो. माझा विषय आंतरराष्ट्रीय व्यापार आणि विकास. सोप्या शब्दांत सांगायचं तर दूरच्या देशात कापसाचा भाव हलला की आपल्याकडच्या एखाद्या गावात काय काय हलतं, ते मोजायचं. चार वर्षांपूर्वी एका हंगामात कापसाचे भाव कोसळले, तेव्हा मी आणि माझा मित्र विक्रम, जो परदेशात प्राध्यापक आहे, आम्ही जालना जिल्ह्यातल्या काही गावांत घरोघरी पाहणी करून घेतली होती. निष्कर्ष निघाला तो असा: भाव पडला तरी लोकांच्या खाण्यापिण्यावर, मुलांच्या शाळेवर फारसा परिणाम झाला नाही. गावांनी धक्का पचवला. एका नामवंत नियतकालिकानं निबंध स्वीकारला. एका सल्लागार समितीच्या मसुद्यात आमचा हवाला देऊन वाक्यही आलं, की लहान कापूस उत्पादकांना वेगळ्या मदतीची गरज दिसत नाही. मे महिन्यात माझी बढतीची मुलाखत होती. सगळं एका रांगेत उभं होतं.

छापण्याआधी नियतकालिक मूळ माहिती मागवून घेतं. ती लावत असताना एप्रिलमधल्या एका दुपारी माझी नजर एका रकान्यावर थांबली. 'घरातलं कुणी हंगामी कामासाठी बाहेरगावी गेलं आहे का?' बाकी गावांत थोडी तरी उत्तरं 'हो' होती. एका गावात मात्र वरपासून खालपर्यंत शून्य. मराठवाड्यातलं गाव, जानेवारी महिना, ऊसतोडीचा ऐन हंगाम, आणि एकाही घरातून कुणी बाहेर गेलेलं नाही?

हे शून्य मी चार वर्षं बघत होतो. ते इतकं नीटनेटकं होतं की मला ते खुपलंच नव्हतं.

विक्रमला फोन केला. तो म्हणाला, "अरे नितीन, एका गावानं काय होतंय? वगळून टाक आणि पुन्हा चालवून बघ."

"वगळलं तरी शून्य का आलं ते कळणार नाही ना."

"पोरांनी झाडाखाली बसून फॉर्म भरले असतील. होतं असं. आता छापून येतंय, आता कशाला गावोगाव फिरतोस?"

नेमक्या त्या झाडाखालच्या शक्यतेनंच मला झोप लागू दिली नाही. त्या गावाची पाहणी सुजातानं केली होती. तेव्हा ती जालन्याला एम.ए. करत होती, आता तीर्थपुरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. मी तिला फोन करून म्हणालो, "सहज, गावं पुन्हा बघायचीत." खरं कारण सांगितलं नाही. ती इतकी खूश झाली की मला ते सांगणं आणखीच अवघड झालं.

पहिला दिवस

या बाजूला यायचं असेल तर पुण्याहून वाकडेवाडीच्या स्टँडवरून सकाळी लवकरची छत्रपती संभाजीनगरची गाडी धरा. तिथं मध्यवर्ती स्थानकावर बीडकडे जाणारी एसटी मिळते, ती आडूळ, पाचोड करत वडीगोद्रीला सोडते. रस्ता चौपदरी, छान आहे. एप्रिलमध्ये मात्र खिडकीतून भट्टीची हवा येते. पाण्याच्या दोन बाटल्या, डोक्याला पंचा आणि उजव्या बाजूची जागा टाळणं, एवढं केलंत तर निभेल.

माझ्या शेजारी पाचोडचे एक गृहस्थ बसले होते. मी मांडीवर तक्ते पसरलेले पाहून त्यांनी विचारलं, "कशाचं काम करता?"

"व्यापारावर संशोधन करतो. आंतरराष्ट्रीय."

"म्हंजी एक्स्पोर्ट?"

"नाही, तसं नाही. भाव कसे ठरतात, त्याचा लोकांवर काय परिणाम होतो..."

"मंग सांगा ना, औंदा कापसाला काय भाव राहील?"

मी म्हणालो, तसं सांगता येत नाही. ते थोडा वेळ माझ्या तक्त्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमाला न्हाई माहीत तर कोनाला माहीत?" आणि पाचोडला उतरून गेले. टोमणा नव्हता तो, खरंच विचारलं होतं त्यांनी. पुढचा अर्धा तास मी तक्त्यांकडे बघितलं नाही.

वडीगोद्री म्हणजे महामार्गाला चिकटून वाढलेलं मोठं गाव. टायरची दुकानं, खतं-बियाणं, रसवंती, मोसंबीचे ढीग. सुजाता स्कुटी घेऊन उभी होती, तोंडाला स्कार्फ बांधलेला, फक्त डोळे दिसत होते. पण ते हसत होते. "सर, आधी जेवून घ्या. गावात उशीर होईल." रस्त्याकडेच्या एका खानावळीत शेवभाजी, ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कांदा. मराठवाड्यातली शेवभाजी तिखट असते, ताक मागवून ठेवा. मला त्या दिवशी चव कळली नाही. समोर बसलेल्या मुलीनं खोटे फॉर्म भरले असतील का, हा विचार करत मी तिच्याकडून वाढून घेत होतो.

जेवल्यावर ती थोडा वळसा घालून अंकुशनगरला घेऊन गेली. "कारखाना बघून घ्या सर, आता बंद झालाय हंगाम, पण बघण्यासारखं असतं." धुराडी गप्प होती. बाहेरच्या मोकळ्या रानात तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे हंगामापुरत्या झोपड्या, होत्या, त्यांच्या जागी आता फक्त काळे डाग उरले होते, तीन तीन दगडांच्या चुली आणि पाचटाचा कचरा.

"हे लोक कुठले असतात?" मी विचारलं.

"काही बीडकडचे, काही खानदेशातले. तिकडचे इकडं येतात, आपल्याकडचे तिकडं जातात."

"आपल्याकडचे जातात?"

"जातात ना सर." ती माझ्याकडे जरा चमकून बघत म्हणाली. "तुम्हाला माहितीय ना."

मी मान हलवली. माझ्या मानेला सवय आहे. परिषदांमध्ये काही कळलं नाही की ती आपोआप हलते.

संध्याकाळी तीर्थपुरीला तिच्या घरी उतरलो. जयंती नुकतीच होऊन गेली होती, गल्लीत निळ्या पताका अजून होत्या. तिचे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. पुढच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि त्या दोन्हींच्या खाली, फ्रेम केलेलं, मी चार वर्षांपूर्वी पाठवलेलं प्रमाणपत्र: 'क्षेत्रीय पाहणीत मोलाचं सहकार्य केल्याबद्दल.' मी असली प्रमाणपत्रं तेव्हा एका दमात वीस-पंचवीस छापली होती.

"आमच्या सुजीनं तुमच्या पुस्तकासाठी काम केलं, लय नाव झालं तिचं कॉलेजात," गुरुजी म्हणाले. "आता पीएचडीला तुमीच मार्गदर्शन करा सर. तिला अर्ज करायचाय औंदा."

"बाबा, आत्ताच काय लगेच," सुजाता आतून म्हणाली.

मी "बघू ना, नक्की बघू" असं काहीतरी बोललो. गुरुजींच्या घरच्यांनी पुरणाचा घाट घातला होता. मी दोन पोळ्या खाल्ल्या आणि डोकं दुखतंय सांगून लवकर आडवा झालो.

दुसरा दिवस

सकाळी चहा झाला, गुरुजी बाजारात गेले, आणि मी सुजाताला विचारलं. कसं विचारावं याची रात्रभर उजळणी केली होती. तोंडातून मात्र भलतंच निघालं.

"सुजाता, त्या गावातले फॉर्म... तू घरोघरी जाऊनच भरले होतेस ना?"

ती कप विसळत होती. थांबली.

"म्हणजे काय सर?"

मी तक्ता काढून दाखवला. शून्याचा रकाना दाखवला. ती वाकून बघत राहिली. तिचा चेहरा लाल झाला, पण ती शरम नव्हती.

"म्हणून आलात तुम्ही? सहज म्हणून फोनवर सांगितलंत, आणि हे तपासायला आलात? मी बसून फॉर्म भरले असं वाटलं तुम्हाला?"

"तसं नाही, पण..."

"तसंच आहे सर. बरोबर तसंच आहे."

ती आत गेली. कपाट उघडल्याचा, काहीतरी खाली ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं आता ती बाहेर येणारच नाही, आपण बॅग उचलावी आणि स्टँडवर जाऊन बसावं. ती आली ती एक जाड वही घेऊन. शाळेची, लाल कडांची. तिनं ती माझ्यासमोर ठेवली आणि लांब जाऊन उभी राहिली.

वहीत त्या गावाच्या घरांची यादी होती. आम्ही मतदारयादीतून काढून दिलेली घरं, एकाखाली एक. काहींच्या पुढं बरोबरची खूण. आणि काहींच्या पुढं तिच्या बारीक अक्षरात: 'कुलूप. ऊसतोडीला. शेजारी विचारलं, चैत्रात येतील.' 'कुलूप. ऊसतोड.' 'कुलूप. दोघं गेले, लेकरू मामाकडं.' पान उलटलं तरी तेच. आणि त्या प्रत्येक घरापुढं बाण काढून शेजारच्या घराचं नाव.

पानाच्या तळाशी एक ओळ होती. 'सरांना फोन केला. बंद घरं लय आहेत, काय करू विचारलं. सर म्हणाले बंद घर सोडा, शेजारचं घर घ्या, नियम तोच आहे, पुन्हा जायला वेळ नाही.'

मी ती ओळ दोनदा वाचली. मला तो फोन आठवत नव्हता. अजूनही आठवत नाही. मी खोटं बोललो असतो तर निदान खोटं बोलल्याचं आठवलं असतं. हा फोन माझ्यासाठी इतका किरकोळ होता की तो माझ्या डोक्यात थांबलाच नाही.

"तुमचा फॉर्म घर उघडं असेल तरच सुरू होत होता सर," सुजाता म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "बंद घराला रकानाच नव्हता. मी कुठं लिहिणार? म्हणून वहीत लिहिलं."

वाचणाऱ्यांपैकी जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कापसाचा भाव पडल्याचा ज्यांना खरा फटका बसला, ते घराला कुलूप लावून ऊस तोडायला गेले होते. आम्ही त्यांच्या जागी शेजाऱ्याला विचारलं, जो गावात राहू शकत होता. मग त्याची उत्तरं मोजली आणि म्हणालो, गावानं धक्का पचवला. एकही फॉर्म खोटा नव्हता. एकाही माणसानं खोटं उत्तर दिलं नव्हतं.

मी म्हणालो, "मला माफ कर. चूक माझी आहे."

ती म्हणाली, "ते मला सांगून काय उपयोग? चला गावात."

गावाचं नाव मी इथं देत नाही, पाहणी करताना लोकांना तसं वचन दिलेलं असतं. तीर्थपुरीपासून स्कुटीनं पाऊण तास. शेवटचा तुकडा खडीचा आहे, मागं बसणाऱ्यानं घट्ट धरून बसावं. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा, मधे काळी नांगरलेली रानं, दुपारी बारालाच रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

आधी गेलो अंबादासरावांकडे. वहीतल्या एका बाणाच्या टोकाला त्यांचं नाव होतं. जुने जमीनदार शेतकरी, बाग आहे, मुलगा संभाजीनगरला नोकरीत. आम्हाला बघून त्यांनी लगेच मोसंबीचा रस काढायला लावला. "तुमची बाई आल्ती ना मागं, लय बारीक बारीक विचारत व्हती. दूध किती घेता, भाजी किती दिवस खाता. मी सगळं बराबर सांगितलं. काई चुकलं का?"

"नाही हो. तुमचं काहीच चुकलं नाही."

"मंग कशाला आले परत?" त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. सरकारी कागदात आपलं काहीतरी अडकलंय असं त्यांना वाटलं असावं. मी त्यांना समजावत बसलो. 

त्यांच्या भिंतीला लागूनच दोन खणांचं पत्र्याचं घर. वहीत 'कुलूप' लिहिलेलं. आज दार उघडं होतं. ओट्यावर गोधड्या उन्हात टाकल्या होत्या, भांडी उपडी घातलेली, आणि एक बाई खराट्यानं छताच्या वाशांतली जाळी काढत होती. कौसाबाई. ती आणि तिचा नवरा ज्ञानोबा आठच दिवसांपूर्वी ऊसतोडीवरून परत आले होते. उंदरांनी कणगीचा तळ फोडला होता, त्याचं ती सुजाताला आधी सांगत बसली. दोघींची जुनी ओळख असल्यासारखं बोलणं चाललं होतं; नंतर कळलं की त्या पहिल्यांदाच भेटत होत्या.

मी विचारलं, "चार वर्षांपूर्वी जानेवारीत आमची माणसं आली होती गावात. तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"तवा आमी सांगलीकडं. उसाच्या फडात."

"दरवर्षी जाता?"

"आता जातो. त्या वर्साला पयल्यांदा गेल्तो." तिनं खराटा खाली ठेवला. "कापसाचं तसं झालं ना. दोन महिने घरात भरून ठिवला, आज वाढंल, उद्या वाढंल. मंग ऊसतोडीला मानसं न्हेनाऱ्या मुकादमाची गाडी आली. त्याच्या आधी मी कोयता हातात धरला नव्हता. ह्यांनी शिकवलं, इथंच, ह्या वट्यावर. कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या अन् म्हनले, खालून मार, बुडातून. चार दिस मी कडबाच तोडला."

ज्ञानोबा दारात टेकून उभा होता. तो हसला. "पाचव्या दिशी बोटावर मारून घेतलं."

तिनं डाव्या हाताचं बोट दाखवलं. अर्धं नख नव्हतं.

मी वहीत लिहिण्यासाठी पेन काढलं. हेच ते होतं. चार वर्षं मी जे मोजायला निघालो होतो, भाव पडल्यावर घरात काय हललं, ते या ओट्यावर घडलं होतं, आणि आम्ही भिंतीपलीकडे दुधाचा हिशोब विचारत होतो.

"तुमी पुस्तकात काय लिवलं आमच्या गावाचं?" कौसाबाईनं विचारलं.

सुजातानं माझ्याकडे बघितलं. ती मदत करणार नव्हती.

"लिहिलंय की... भाव पडला तरी गावातल्या लोकांचं बरं चाललं होतं."

मला वाटलं ती चिडेल. तिनं नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"जे गावात व्हते त्यांचं बरंच चाललं व्हतं की," ती म्हणाली.

त्या दिवशी आम्ही वहीतली आणखी पाच घरं केली. दोन अजून बंद होती. तीन घरांत माणसं भेटली. त्यातली दोन कुटुंबं कौसाबाईसारखीच त्याच वर्षी पहिल्यांदा गेलेली. उन्हानं डोकं भणाणलं होतं. संध्याकाळी गुरुजींना सुजातानं काय सांगितलं माहीत नाही, पण त्यांनी मला पीएचडीचं पुन्हा विचारलं नाही. पाण्याचा तांब्या मात्र हातात आणून दिला.

तिसरा दिवस

सकाळी सुजाता अंबडपर्यंत सोडायला आली. अंबडला आलात तर टेकडीवरचं मत्स्योदरी देवीचं मंदिर जरूर बघा, वरून गाव आणि भोवतीचं रान छान दिसतं म्हणतात. जांब समर्थही या बाजूलाच आहे. मी काहीच बघितलं नाही. स्टँडच्या बाकावर बसून विक्रमला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

त्यानं मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाला, "बाकीच्या गावांतही हाच नियम वापरलाय?"

"हो."

"म्हणजे सगळंच."

"हो. तिथं बंद घरं कमी असतील, पण बाण सगळीकडे असणार."

"नितीन, 'मर्यादा' म्हणून एक परिच्छेद टाकू. सगळेच टाकतात. तुझी मुलाखत आहे. माझंही इथलं कंत्राट या वर्षी बघतायत, तुला माहितीय."

मला माहीत होतं. त्याची मुलगी दोन वर्षांची आहे. आणि खरं सांगतो, तो परिच्छेद माझ्या डोक्यात तोवर जवळजवळ लिहून झाला होता. 'पाहणीच्या काळात काही कुटुंबं अनुपस्थित असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' किती सभ्य वाक्य. कुणी काही म्हणालं नसतं.

सुजाता शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, "काय ठरलं?"

"अजून काही नाही."

"सर, एक सांगू का? पुन्हा पाहणी केली तर मी करीन. पण आधीसारखं न्हाई. फॉर्म बनवताना मला बसवायचं. अन् नाव तळटीपेत नको, वर पाहिजे. तुमच्या दोघांच्या शेजारी."

एरवी ती माझ्याशी जपून, पुस्तकी बोलते. त्या दिवशी पहिल्यांदा ती तिच्या घरच्यासारखी बोलली.

जालन्याची गाडी लागली. त्या रस्त्यावर काम चालू होतं, गाडी हिसके खात होती, आणि मी मोबाइलवर नियतकालिकाच्या संपादकांना पत्र टाइप करत होतो. अक्षरं चुकत होती. मी खोडत होतो, पुन्हा लिहीत होतो. जालन्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ते पूर्ण झालं होतं: निष्कर्ष टिकत नाहीत, निबंध छापू नये. दुसरं पत्र सल्लागार समितीला. विक्रमला दोन्हींची प्रत. उसाचा रस घेतला, प्यायलो, आणि पाठवलं. मग रिकामा ग्लास परत न देता मी तसाच उन्हात उभा राहिलो, तेव्हा रसवंतीवाल्यानं खुर्ची पुढं केली. "ऊन लागलंय तुमाला. बसा." जालन्याहून पुण्याकडे गाड्या भरपूर आहेत, मी दोन सोडल्या.

घरी

घरी पोचलो तेव्हा बायकोनं, मेघनानं विचारलं, "काय निघालं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं तूच गेलास. दुसरं कुणी जाऊन आलं असतं तर?" मला तिच्याइतकं बरं वाटत नव्हतं.

निबंध मागं घेतला गेला. समितीकडून 'नोंद घेतली आहे' असं एका ओळीचं उत्तर आलं. ते वाक्य मसुद्यातून निघालं की नाही ते मला आजही कळलेलं नाही, आणि मी दर काही दिवसांनी त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन बघतो. मुलाखतीत विचारलं, या वर्षी प्रकाशन का नाही? मी खरं ते सांगितलं. समोरच्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. बढती झाली नाही. विक्रम तीन आठवडे बोलला नाही, मग एका रविवारी त्याचाच फोन आला, "नवीन फॉर्म पाठव, मी बघतो." तेवढंच. त्याचं कंत्राट एका वर्षासाठी वाढलंय.

जूनच्या सुरुवातीला, लोक गावात असताना, सुजातानं वहीतली सगळी घरं पुन्हा केली. फॉर्म आम्ही तिघांनी बनवला. तिच्या सांगण्यावरून नव्या निबंधाचा गोषवारा आम्ही मराठीतही लिहिला, आणि दिवाळीनंतर, मुकादमाच्या गाड्या यायच्या आधी, ती तो गावात वाचून दाखवायला गेली.

मी इथं पुण्यात, वर्गावर जाण्याच्या तयारीत होतो. तिचा फोन आला.

"सर, कौसाबाईच्या घराचं जे लिहिलंय ना आपण, 'बंद घर', ते चुकलंय."

"चुकलंय? कुलूप होतं ना?"

"कुलूप पुढच्या दाराला व्हतं. तवा त्यांची सासू जित्ती व्हती. दिसत नव्हतं तिला. तिला न्हेता येत न्हाई, म्हणून मागच्या पडवीत ठेवून गेल्ते. अंबादासरावांच्या घरून भाकर जायची मागच्या बाजूनं. त्याच उन्हाळ्यात वारली ती. आता मी वाचलं तवा कौसाबाई म्हणाली, बंद कुठं व्हतं बाई, आत्याबाई व्हती की आत."

माझ्या हातातला खडूचा डबा मी टेबलावर ठेवला.

"मी त्या दारासमोर दोन टाइम गेल्ते सर. कुलूप बघितलं अन् वहीत लिहिलं. हाक मारली न्हाई."

वर्गात मुलं वाट बघत होती. मी तसाच खुर्चीत बसलो, गोषवारा उघडला आणि 'बंद घर' हे शब्द आले होते तिथं तिथं खोडून लिहिलं: 'पुढच्या दाराला कुलूप असलेलं घर.' मग सुजाताला म्हणालो, यादीतल्या बाकीच्या घरांच्या मागच्या बाजूलाही जाऊन विचारावं लागेल. ती म्हणाली, "तिकडंच निघालेय सर."